दोन सेटमधली तीन मिनिटं

एक सेट संपला की पुढच्या सेटपर्यंत किती थांबायचं, यावर आमच्या तालमीत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच घरातले आहेत. वस्ताद सत्तरीला आले. उमेदीत त्यांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या केल्या. त्यांची भाची फिजिओथेरपी शिकली, पुढे क्रीडाविज्ञानाचा अभ्यास केला आणि आता रोज संध्याकाळी तालमीच्या पुढच्या दालनात पोरा-पोरींना वजनं शिकवते. मागे लाल मातीचा हौदा, पुढे रॅक, बारबेल आणि रबरी प्लेटा.

कचेरीतून थेट व्यायामाला येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा वाद आधी नुसता कानावर पडत होता. मग मी त्यात मुद्दाम शिरलो, कारण प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. तासाभराच्या व्यायामात वजन प्रत्यक्ष हातात असतं ते जेमतेम दहा-बारा मिनिटं. उरलेला वेळ आपण थांबलेलोच असतो, आणि पुढच्या सेटला अंगात किती जोर उरेल हे त्या थांबण्यावर ठरतं.

वाद खऱ्या अर्थानं पेटला तो एका पोराच्या वहीवरून. भाचीनं सगळ्यांना वही ठेवायला लावली आहे. हा पोरगा कुस्ती खेळतो आणि पायांत ताकद यावी म्हणून स्क्वॉट मारतो. वस्तादांचा हुकूम होता की मिनिटाच्या वर थांबायचं नाही. भाचीनं एका गुरुवारी त्याला तीन मिनिटं थांबायला लावलं आणि वही मामांपुढे धरली.

“मामा, हे बघा. सोमवारी 80 किलोचे चार सेट, मधे एकेक मिनिट. पहिल्यात 8, मग 6, मग 4, शेवटी 3. झाले 21. गुरुवारी तेच वजन, मधे तीन-तीन मिनिटं. 8, 8, 7, 7. म्हणजे 30. वजनानं गुणलं तर सोमवारी 1,680 किलो उचललं आणि गुरुवारी 2,400.”

वस्तादांनी वहीकडे पाहिलंही नाही. “घाम कवा जास्त आला?”

“सोमवारी.”

“दम कवा लागला?”

“सोमवारीच.”

“मग कष्ट कवा झालं, तूच सांग.”

“दम छातीला लागला, मामा. मांड्यांनी मात्र सोमवारी काम कमी केलं.”

वस्तादांचा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो आणि बहुतेक माणसं याच ठिकाणी फसतात. घाम गळला, धाप लागली, म्हणजे व्यायाम झाला, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की ट्रेनरसुद्धा त्याचाच फायदा घेतात. गिऱ्हाइकाला घामाघूम केलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण ताकद वाढवायची तर स्नायूला जड वजन पुरेशा वेळा ओढायला लागलं पाहिजे. ते ओढणं ज्या थकव्यामुळं अर्ध्यावर तुटतं, त्या थकव्याची फुशारकी मारण्यात काही अर्थ नाही.

“बरं, मला सांग,” वस्ताद जरा नरमून म्हणाले, “माणूस नुसता हुबा ऱ्हातो तवा मांडीत हुतं तरी काय? कोण भरतंय परत जोर?”

“स्नायूला आकसायला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते तयार असं दोन-चार सेकंद पुरेल एवढंच असतं. ते संपत आलं की लगेच परत बनवून देणारा दुसरा साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेटचा. पूर्ण जोर लावला तर तोही दहा-एक सेकंदांत तळाला जातो. मग शरीर साखर फोडून काम चालवतं, पण तो जोर पहिल्यासारखा नसतो. म्हणून सहाव्या-सातव्या रेपला बार जड लागायला लागतो.”

“आणि थांबलं की?”

“आपली गच्चीवरची टाकी कशी भरते? आधी धो-धो, आणि बॉल कॉक वर यायला लागला की धार बारीक. हे तसंच. पहिल्या अर्ध्या मिनिटात जवळजवळ निम्मा साठा परत येतो. उरलेला हळूहळू येतो. पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. तुमचा पोरगा मिनिटात परत बारखाली गेला, तेव्हा टाकी अर्धी-पाऊणच भरली होती.”

वस्तादांना ही गोष्ट पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांच्याजवळ दुसरा डाव होता. “आमी काय ऐकलंय, अंगात आम्ल साचतं. त्येनं मांड्या भाजतात. ते सोसायची सवय केली की माणूस तयार हुतो. तू त्येला थांबायला लावलंस तर सोसायला शिकंल कवा?”

या समजुतीला मोठा इतिहास आहे आणि तो काही अडाण्यांचा नाही. 1907 साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाचे स्नायू थकेपर्यंत आकसायला लावले आणि त्यांत लॅक्टिक आम्ल वाढलेलं दाखवलं. पुढे स्नायूंतली उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरच्या कामासाठी हिल आणि मायरहॉफ यांना 1922 चं नोबेल मिळालं. मग जवळजवळ शतकभर पाठ्यपुस्तकांत, शाळेच्या मैदानावर आणि तालमीतही थकव्याचा गुन्हेगार एकच राहिला. भाचीनं हे सगळं मामांना सांगितलं आणि पुढचंही सांगितलं.

“आता चित्र बदललंय. क्रिएटिन फॉस्फेट फुटतं तेव्हा सुटा फॉस्फेट मागे राहतो. तो स्नायूच्या ओढण्यातच अडथळा आणतो आणि स्नायूला ‘आकस’ म्हणून सांगणारं कॅल्शियमही नीट सुटू देत नाही. जड वजनाच्या थकव्यात त्याचा वाटा मोठा. आम्लाचा काहीच हात नाही असं मी म्हणत नाही, पण अंगाच्या नेहमीच्या उष्णतेला त्याचा परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. आणि लॅक्टेट म्हणजे तर कचरा नव्हेच. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, दुसरे स्नायू वापरतात.”

“आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते?”

“ते लॅक्टेट तासाभरात निघून गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळं, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना झालेल्या.”

वस्ताद यावर म्हणाले ते मला अगदी त्यांच्या स्वभावाला धरून वाटलं. “नाव कायबी ठेव. भाजतं ते भाजतंच. खाशाबांना कोण थांबू देत हुतं?”

कोल्हापूर-कराडच्या पट्ट्यात कुस्तीवरचा कुठलाही वाद शेवटी खाशाबा जाधवांपर्यंत येतोच. पण हे उदाहरण वस्तादांनी काढायला नको होतं, असं मला त्याच क्षणी वाटलं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबांनी जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांची दमछाक करणारी लढत दिली आणि ती थोडक्यात गेली. इशीनं पुढे सुवर्ण घेतलं. त्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवविरुद्ध उतरवलं. नियमाप्रमाणं दोन लढतींत निदान अर्धा तास मिळायला हवा होता. तो मागून घ्यायला, भांडायला भारताचा कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं लढले आणि हरले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक त्यांनी दिलं ते कांस्य.

“मामा, खाशाबांना थांबू दिलं नाही हाच तर आपला राग आहे ना? लहानपणापासून तुम्हीच मला सांगत आलात, की ती विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग वेगळा असता. मग आपल्या पोरांची विश्रांती आपणच का काढून घ्यायची?”

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती गोष्ट येगळी न्हाई. खरं हाय तुझं.”

भाचीनं त्यावर एक अभ्यासही पुढे ठेवला. अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 21 सरावलेल्या तरुणांचे दोन गट केले. व्यायाम तोच, सेट तेवढेच, आठ आठवडे. एक गट दोन सेटमध्ये एक मिनिट थांबला, दुसरा तीन. तीन मिनिटंवाल्यांची स्क्वॉट आणि बेंच प्रेसमधली ताकद जास्त वाढली, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही. त्याआधी बरीच वर्षं जिममध्ये उलटं शिकवलं जात होतं: कमी थांबा, म्हणजे अंगात वाढीचं हार्मोन उसळतं आणि स्नायू फुगतो. हार्मोन उसळतं हे खरं, पण ते थोड्या वेळासाठी. त्यानं स्नायू जास्त वाढतो असं काही निघालं नाही. माझं मत विचाराल तर 21 माणसं म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे, आणि कमी थांबणाऱ्यानं दोन सेट जास्त मारले तर तो बरीचशी तूट भरून काढू शकतो. पण आमच्या पोराची वही तेच सांगत होती.

खरं तर वजनाच्या खेळातच ही विश्रांती नियमात बांधलेली आहे. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य जिंकलं, त्या खेळात नाव पुकारल्यावर उचलायला एक मिनिट मिळतं. मात्र त्याच खेळाडूची पाळी लागोपाठ आली तर दोन मिनिटं मिळतात.

एवढं झाल्यावर वाद संपायला हवा होता. पण वस्तादांनी आता जो मुद्दा काढला तो आधीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार होता.

“मॅटवर तीन मिनिटांची एक फेरी, मधे तीस सेकंद, परत तीन मिनिटं. समोरचा गडी काय ‘तुझी टाकी भरू दे’ म्हणून थांबणार हाय? मातीत तर त्येबी न्हाई. आमी हजार-हजार बैठका काढल्या त्या ह्येच्यासाठी. थकल्या अंगानं डाव मारता आला पायजे.”

“त्याला माझी ना नाही. थकल्या अंगानं काम करायचा सराव हवाच. पण तो हौद्यात करा, मॅटवर करा, जोर-बैठकांत करा. 80 किलो मानेवर घेऊन करू नका. दम आणि ताकद एकाच सेटमध्ये कमवायला गेलं की दोन्ही अर्धवट येतात.”

“दम असला की ताकद वापरता येती, एवढं लक्षात ठेव म्हंजे झालं.”

“ते तर शरीरशास्त्रही सांगतं, मामा. ती टाकी भरते ती ऑक्सिजनवर. ज्याचा दमसास चांगला, ज्याच्या पायांत रक्ताचं फिरणं चांगलं, त्याची टाकी लवकर भरते. तुमच्या बैठका काढलेला पोरगा दोन मिनिटांत सावरतो. नुसतं वजन मारणाऱ्याला तिथं चार लागतात.”

मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे. ‘किती थांबायचं’ या प्रश्नाला एकच एक आकडा नाही, आणि तो आकडा आपल्याला कमी करता येतो. पण तो बारखाली घाई करून कमी होत नाही. तो पहाटेच्या बैठकांनी, धावण्यानं, पोहण्यानं, पन्हाळ्याची चढण चढून कमी होतो. जिममध्ये येणाऱ्या बहुसंख्य तरुणांना दंड फुगवायचे असतात आणि दमसास वाढवणं त्यांना बायाबापड्यांचं काम वाटतं. मग चार सेट झाले की तेच भिंतीला टेकून धापा टाकतात. वस्तादांच्या जुन्या पद्धतीतली ही अर्धी बाजू नव्या जिमनं टाकून दिली, हे नुकसान झालं.

पुढे बोलणं थांबायचं कसं यावर गेलं, आणि तिथं दोघांचं आश्चर्यकारक जमलं. सेट संपल्या संपल्या बाकड्यावर धपकन बसायचं नाही, यावर दोघं ठाम. वस्ताद म्हणाले, “आमचं वस्ताद बसू देत नसत. हौद्याच्या कडंनं फिरायला लावत.” भाचीनं कारण सांगितलं. 1985 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस मारताना तो सरासरी 320 वर 250 पर्यंत गेला होता. आणि शेवटची रेप संपली की काही सेकंदांत तो झपाट्यानं खाली येतो. अशा वेळी एकदम बसलं किंवा पुतळ्यासारखं उभं राहिलं की रक्त पायात साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सावकाश चालायचं, पिंडऱ्या हलत्या ठेवायच्या.

वस्तादांना स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते अजून हलकी मुद्गलं फिरवतात, पण श्वास कोंडून जोर लावायला भाचीनं त्यांना सक्त मनाई केली आहे, आणि ते तिचं एवढं एक मात्र बिनतक्रार ऐकतात. चाळिशीपुढच्या प्रत्येकानं हे ऐकावं, असं मला तळमळीनं वाटतं. श्वास बाहेर सोडत वजन वर न्यावं. दोन सेटमध्ये छातीचा भाता शांत झाल्याशिवाय पुन्हा बारला हात लावू नये. एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता येतंय का, ही भाचीची साधी कसोटी. ती घड्याळही लावते, पण घड्याळाची तीन मिनिटं झाली आणि वाक्य तुटत असेल तर आणखी थांबवते.

“पण मला एवढा येळ न्हाई म्हणणाऱ्यानं काय करायचं?” वस्तादांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. “ह्ये साहेब पाऊण तासाला येत्यात.”

“जोड्या लावायच्या. बेंच प्रेसचा सेट झाला की छाती थकली, पाठ ताजीच आहे. मिनिटभरानं रोइंगचा सेट मारायचा. पाठ काम करते तोवर छाती विसावते. वेळ जवळजवळ निम्मा लागतो.”

“ह्ये तर आमच्यात पैल्यापासनं हाय,” वस्ताद खूश होऊन म्हणाले. “जोर झालं की बैठका, बैठका झाल्या की परत जोर. हात थकलं की पाय कामाला. आणि जोडीदार संगं असला की त्यो मारतोय तवर आपण उसंत घ्यायची.”

जड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मात्र जोडीत घालू नयेत, हे भाचीनं लगेच जोडलं. दोन्हींत कंबर आणि पाय दोन्ही खपतात. तिथं विसावा मिळतो असं नुसतं वाटतं.

कामावरून थकून येणाऱ्यांसाठी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. इटलीत ट्युरिनच्या अँजेलो मोस्सोनं 1891 मध्ये थकव्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. बोटानं वजन ओढायला लावून ते किती वेळा, किती उंच ओढलं जातं याची रेघ कागदावर उमटवणारं यंत्र त्यानं बनवलं होतं. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट त्या यंत्रावर नेहमीपेक्षा लवकर हात टेकायचं. बोटानं तर परीक्षेत काहीच उचललेलं नव्हतं. थकवा मेंदूतूनही उतरतो. त्यामुळं महिनाअखेरीच्या हिशेबातून उठून आलेल्या माणसानं त्या दिवशी वहीतला गेल्या आठवड्याचा आकडा गाठायचा हट्ट धरू नये. वजन थोडं उतरवावं किंवा मिनिटभर जास्त थांबावं. मोबाइलवर बोटं फिरवत काढलेली तीन मिनिटं ही त्या डोक्याला विश्रांती नव्हेच, असं तिचं म्हणणं. वस्तादांनी यावर मान डोलावली. मोबाइलच्या बाबतीत मामा-भाचीत कधीच मतभेद नव्हता.

शेवटचा मतभेद मात्र अजून मिटलेला नाही, तो शेवटच्या रेपचा. भाचीचं म्हणणं, आणखी दोन निघतील असं वाटत असतानाच सेट थांबवा. बार वर येताना स्पष्ट मंदावला, गुडघे आत वळायला लागले की रॅकवर ठेवा. पार निकामी होईपर्यंत ओढलं तर पुढच्या सेटला पाच मिनिटंही पुरत नाहीत, आणि ताकदीच्या वाढीत त्याचा म्हणावा तसा मोबदलाही मिळत नाही. वस्ताद म्हणतात, निघणार नाही असं वाटतं तो शेवटचा जोर काढल्याशिवाय गडी कसा आहे ते कळत नाही.

मी जोर-बैठकांच्या बाबतीत वस्तादांच्या बाजूचा आहे. तिथं हात सुटला तर माणूस फार तर छातीवर मातीत पडतो. बारखाली मान, कंबर आणि गुडघे पणाला लागलेले असतात. तिथं मी भाचीचं ऐकतो. त्या पोराच्या वहीत आता सोमवार-गुरुवार तीन मिनिटांचे स्क्वॉट आहेत आणि मंगळवार-शुक्रवार वस्तादांच्या बिनथांब बैठका. मैदान जवळ आलं की शेवटचे काही आठवडे वजनं कमी करून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या उसंतीवर लढती घ्यायच्या, असं दोघांनी मिळून ठरवलं आहे. त्या लढतींचं घड्याळ भाची लावणार आणि पोराला हौद्यात वस्ताद उतरवणार.